चौहद्दीचं पान

अण्णांचा आवाज माझ्या गळ्यात उतरला, याचा वकील झाल्यावर मला फार राग यायचा.

अण्णा म्हणजे माझे वडील. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर. चार पिढ्यांपूर्वी कुणीतरी कोकणातून काशीला आलं आणि इथलंच झालं, एवढंच आम्हाला ठाऊक. अण्णा पौरोहित्य करायचे. मराठी घरं कमी होत गेली तसे ते हिंदी घरांतही सत्यनारायणाची कथा वाचायला जाऊ लागले, आणि तिथे त्यांना मागणी जास्त, ती त्यांच्या आवाजामुळे. खणखणीत, किंचित नाकातला, वाक्याच्या शेवटी वर चढून मग सावकाश खाली उतरणारा. त्यांना माइक लागत नसे. भावाला सोडून तो आवाज नेमका माझ्या वाट्याला आला. कोर्टात पहिल्यांदा अर्ज वाचायला उभी राहिले, तेव्हा न्यायाधीशांनी चष्मा काढून विचारलं, प्रसाद कधी मिळणार? सगळी खोली हसली. घरी येऊन मी अण्णांशी दोन दिवस बोलले नाही. त्यांनी कारण विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून कोर्टात मी ओठातल्या ओठात बोलू लागले. नाकावर राग आणि तोंडात पुटपुट, असा वकील कोण करणार? कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली एका लाकडी तख्तावर माझी बसायची जागा होती. आजूबाजूच्या तख्तांवर अशिलांची गर्दी आणि माझ्या तख्तावर शेजाऱ्यांच्या फायली. म्हणून नव्वदच्या दशकाच्या मध्यात आमच्यातल्या एका ज्येष्ठ वकिलांनी दर रविवारी वस्तीत जाऊन फुकट सल्ला द्यायची टूम काढली, तेव्हा पहिलं नाव माझं होतं. सेवाभाव होता असं आज सांगता येईल. खरं म्हणजे कुणीतरी मला काहीतरी विचारावं, याची मला भूक लागली होती.

आम्ही चौघं होतो: ते ज्येष्ठ, दोन तरुण वकील आणि मी. वस्ती गंगेपलीकडे रामनगरला, अगदी काठावर. मल्लाहांची, म्हणजे नावाड्यांची. थंडीत पिप्यांच्या तरंगत्या पुलावरून चालत जायचं, आणि पावसाळ्याआधी तो पूल सोडवला की नावेतून. शाळेतून चार खुर्च्या आणि एक डगमगतं टेबल मिळालं, ते पिंपळाखाली मांडलं, आणि काळे कोट घालून आम्ही बसलो.

लोक लांब उभे राहून बघत. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण वकिलाला ते लागू नाही. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये हे त्यांनाही ठाऊक होतं, आणि इथे तर पायरीच चालत दारात आली होती. तीन रविवार आमच्याकडे फक्त बकऱ्या आल्या.

मग हळूहळू कागद येऊ लागले. त्यांच्या बहुतेक संकटांचं मूळ एकच होतं, अंगठा. कुणी तरी सांगितलं हे सरकारी आहे, लाव अंगठा, की लागला. कुणाची नाव गेली होती, कुणाचा अंगणाचा तुकडा. आमचे ज्येष्ठ प्रत्येकाला हात जोडून एकच सांगायचे, की बाबांनो, कागदात काय आहे ते कळल्याशिवाय अंगठा लावू नका. लोक मान डोलवायचे. मग कागद पुढे करायचे. आम्ही तो भरभर चाळायचो, दोन वाक्यांत मतलब सांगायचो, ते पुन्हा मान डोलवायचे, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कुणाच्या दोन वाक्यांवर भरवसा ठेवून अंगठा लावून मोकळे व्हायचे. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी परतीच्या वाटेवर दर रविवारी म्हणायची. ज्येष्ठ म्हणायचे, घडा पालथा आहे की आपण उलट्या बाजूनं ओततो आहोत, ते बघायला हवं. मला ते बोलणं तेव्हा फार शहाजोगपणाचं वाटायचं.

एका रविवारी एक म्हातारा नावाडी नोटीस घेऊन आला. कानानं पार बहिरा. मी मतलब सांगितला, त्याला ऐकू गेला नाही. मोठ्यानं सांगितला, तरी नाही. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, घे बाबा, सगळंच ऐक. उभी राहिले आणि ती नोटीस पहिल्या अक्षरापासून वाचायला लागले. दडपून ठेवलेला तो आवाज रागाच्या भरात असा काही सुटला की नाकासकट, चढासकट, उतारासकट सगळे अण्णाच बाहेर आले.

दुसरा परिच्छेद होईतो बायका घरांतून बाहेर आल्या. तिसऱ्याला पुरुष जाळी बाजूला ठेवून जमिनीवर बसले. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. कुणीतरी पोरांना दटावलं. एक आजी आत जाऊन मूठभर तांदूळ घेऊन आली आणि तिनं चार-चार दाणे सगळ्यांच्या हातात दिले, कारण कथा ऐकायची तर हातात अक्षता हव्यातच. मी पान उलटलं. आजीला वाटलं अध्याय संपला. तिनं हातातला एक दाणा समोर पिंपळाच्या पानावर ठेवला आणि गंगामाईचा जयजयकार केला. सगळ्यांनी साथ दिली. समोर होती नगरपालिकेची पाणीपट्टीची नोटीस.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ज्येष्ठ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, आता थांबू नका. मी शेवटच्या सहीशिक्क्यापर्यंत वाचलं, आणि तोवर एकही माणूस जागचा हलला नाही. कथेतून मधेच उठलं तर फळ जातं, हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं. वाचून झाल्यावर त्या म्हाताऱ्याला मतलब मला सांगावा लागला नाही. ते काम बाकीच्यांनीच त्याच्या कानात ओरडून केलं, आणि बरोबर केलं.

तेव्हापासून रीतच पडली. कागद आला की आधी त्याची पानं मोजायची, कारण पानं मोजायला अक्षर यावं लागत नाही. जितकी पानं तितके दाणे हातात घ्यायचे. पान संपलं की एक दाणा खाली. सगळे दाणे खाली गेल्याशिवाय अंगठा नाही. ज्येष्ठांनी जे सहा महिने हात जोडून सांगितलं होतं ते एका गैरसमजानं एका दिवसात झालं. ते खूश होते. मला मात्र लाजल्यासारखं होत होतं. कायदा शिकले ती काय कथा वाचायला? तेवढ्यासाठी घरातच गुरू होता.

घरी अण्णांना मी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं. ते वाती वळत होते. म्हणाले, "त्यात काय लाजायचं? शर्त एवढीच आहे. ऐकणाऱ्यानं उठायचं नाही, आणि वाचणाऱ्यानं पान गाळायचं नाही."

मी म्हटलं, अण्णा, ते कागद असतात, पोथ्या नव्हेत. त्यांनी वात तुपात बुडवली आणि विषय संपवला.

आता तिच्याबद्दल सांगते. तिशीची असेल. नवरा नावाडी होता, तो तापानं गेला त्याला दोन वर्षं झाली होती. दोन लहान मुली. ती जाळी विणायची आणि दोन घरची भांडी घासायची. काठावर तिच्या दोन कौलारू खोल्या होत्या आणि त्या तिच्या स्वतःच्या नावावर होत्या, ही त्या वस्तीत नवलाची गोष्ट. नवऱ्याला कुणा ज्योतिष्यानं सांगितलं होतं की तुझ्या नावावर घर टिकणार नाही, म्हणून त्यानं बायकोच्या नावानं जागा घेतली. ज्योतिषी भोंदू असेल, पण त्याच्यामुळे तिच्या डोक्यावर छप्पर राहिलं. शेजारचंच घर तिच्या दिराचं. त्याला तीन मुलगे आणि जागा अपुरी. त्याचा डोळा त्या दोन खोल्यांवर आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण दीर म्हणजे घरातलाच माणूस, त्यामुळे बोलायचं कुणी नाही.

ती दर रविवारी यायची, मागे बसायची, दुसऱ्यांचे कागद ऐकायची, दाणे ठेवायची आणि निघून जायची. उन्हाळ्यातल्या एका रविवारी ती पहिल्यांदा पुढे आली. लाल फडक्यात गुंडाळलेला घराचा कागद आणला होता, खरेदीखत, सहा पानी. तिला काही विचारायचं नव्हतं. फक्त ऐकायचं होतं. नवरा असताना त्यानं तो एकदा दाखवला होता, पण वाचता त्यालाही येत नव्हतं.

तो दिवस वाईट होता. लूचा गरम वारा सुटला होता, आधी तीन कागद वाचून माझा घसा सुकला होता, आणि पूल सोडवायचं काम सुरू असल्यानं आम्हाला वेळेत परतायचं होतं. मी वाचायला घेतलं. चार पानं झाली. पाचवं पान चौहद्दीचं होतं, म्हणजे जागेच्या चारी बाजूंना काय काय आहे ते. पूर्वेला अमक्याचं घर, पश्चिमेला तमकं. यात कुणाला काय कळायचंय आणि कळून काय करायचंय, असं म्हणून मी दोन पानं एकदम उलटली आणि सहावं वाचून संपवलं.

सगळे उठायला लागले. ती बसूनच राहिली. मूठ उघडून माझ्यापुढे धरली.

"एक दाना बच गयल, दीदी."

मी सांगितलं की त्या पानात महत्त्वाचं काही नाही. ती म्हणाली, जे असेल ते असू द्या, पण वाचा. मागे कुणीतरी हसलं. बहुतेक आमच्यातलाच एक तरुण वकील. आणि मला कोर्टातलं ते हसू आठवलं, प्रसाद कधी मिळणार. माझा तोल गेला. मी तिला सगळ्यांसमोर सुनावलं की ही काही पूजा नाही, मी काही पुजारीण नाही, कायद्याचा कागद आहे, त्यातलं काय वाचायचं आणि काय नाही ते मी ठरवीन. आणखीही बरंच बोलले. ते सगळं इथे लिहायची मला लाज वाटते.

तिनं मूठ मिटली. कागद फडक्यात गुंडाळला, तो उरलेला दाणाही त्यातच ठेवला, गाठ मारली आणि गेली. पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ज्येष्ठांनी मला काही म्हटलं नाही, पण कागद वाचायचं काम ते स्वतः करू लागले. त्यांच्या आवाजाला गर्दी कमी जमायची. मला वाटलं होतं आता सुटले. सुटल्यासारखं काही वाटलं नाही. पावसाळाभर नावेतून रामनगरला जाताना मी काठावरच्या त्या दोन कौलारू खोल्या शोधायची, आणि दिसल्या की दुसरीकडे बघायची.

कार्तिक लागला होता. आमच्या घाटाशेजारी बांबूंवर आकाशदिव्यांच्या टोपल्या चढल्या होत्या, म्हणून महिना पक्का लक्षात आहे. एका अशिलाच्या दस्ताची नक्कल घ्यायला मी निबंधक कार्यालयात गेले होते, जिथे घराजमिनीच्या दस्तांची नोंद होते तिथे. खिडकीशी रांग होती. सहज आत पाहिलं तर साहेबांच्या टेबलासमोर ती उभी. बाजूला दीर, नवा सदरा घातलेला. मागे साक्षीला आणलेले वस्तीतले दोघे, त्यांत तो बहिरा म्हातारा. आणि त्यांचा कागद हातात घेऊन कातिब, म्हणजे दस्त लिहून देणारा.

तिनं मला पाहिलं आणि मान खाली घातली. मी हाक मारायला हवी होती. पुढे जाऊन नुसतं विचारायला हवं होतं की कशाचा कागद आहे. पण मनात आलं, आली नाही ना माझ्याकडे, मग जाऊ दे. इतका हलका विचार माझ्या मनात आला होता हे मी लपवणार नाही. मी रांगेतच उभी राहिले.

दस्ताच्या शेवटी आमच्याकडे एक ओळ असते, की लिहून देणाऱ्यानं मजकूर ऐकून व समजून कबूल केला. प्रत्येक दस्तावर असते. साहेब रोज पन्नासदा विचारतात, मजकूर ऐकला? समजला? आणि पन्नासदा उत्तर येतं, जी. मी वकिलीच्या इतक्या वर्षांत तिथे जी सोडून दुसरं उत्तर ऐकलं नव्हतं. साहेबांनी शाईची डबी पुढे सरकवत तिलाही विचारलं.

"ना साहेब," ती म्हणाली. "सुनावल ना गयल."

साहेबांनी मान वर केली. दीर घाईघाईनं म्हणाला की घरी सगळं समजावून सांगितलंय, विधवेच्या पेन्शनचं आहे, बाई अडाणी आहे. साहेबांनी त्याच्याकडे आणि मग कागदाकडे पाहिलं. बाहेर रांग वाढत होती. ते कातिबाला म्हणाले, वाच बाबा, लवकर वाच.

तिनं एक मिनिट थांबायला सांगितलं. कातिबाच्या हातातल्या कागदाच्या कडा बोटानं मोजल्या. पदराच्या गाठीत खायला आणलेले भाजके चणे होते, त्यांतले चार काढून मुठीत धरले, आणि साहेबांच्या टेबलासमोर चक्क फरशीवर बसली. तो बहिरा म्हाताराही बसला, कारण कथा सुरू होते आहे हे त्याला ऐकू न येताही कळलं. दुसरा साक्षीदार इकडे तिकडे बघत शेवटी बसलाच. दीर तेवढा उभा राहिला.

कातिबानं पाणी वाहावं तसं वाचलं. मथळा सोडूनच दिला. मी अमकी, अमक्याची विधवा, राहणार रामनगर, वगैरे. पान उलटलं. तिनं एक चणा खाली ठेवला. मग जागेचं वर्णन, पान, दुसरा चणा. मग साक्षीदारांची नावं, तारीख. तिसरा चणा. कातिबानं कागद मिटून साहेबांपुढे ठेवला आणि शाईच्या डबीकडे बोट केलं.

ती उठली नाही. तिनं मूठ उघडली.

"चार पन्ना हौ, भइया, तीनै पढ़ला."

कातिब हसला. तो म्हणाला, त्या पानात महत्त्वाचं काही नाही. मी रांगेत उभी होते, तिथवर ते ऐकू आलं. तेच वाक्य. शब्दन् शब्द माझं वाक्य होतं ते. मी रांग सोडली आणि आत गेले. तिच्या शेजारी फरशीवर बसले, काळ्या कोटासकट.

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मग त्यांनी तो दस्त स्वतः उचलला, दुसरं पान काढलं आणि वाचलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मी माझे दीर यांच्या सेवेवर प्रसन्न होऊन, कुणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीनं, माझं राहतं घर त्यांना कायमचं दान देत आहे. आजपासून माझा आणि माझ्या मुलींचा त्यावर कोणताही हक्क राहिलेला नाही.

साहेबांनी दस्त टेबलावर ठेवला. तिनं चौथा चणा खाली ठेवला नाही. तो मुठीतच होता. त्या कागदाकडे बघत ती हलक्या आवाजात म्हणाली, "हम त पिनसिन बदे आयल रहली, साहेब."

साहेबांनी विचारलं, मग हे कबूल नाही ना? ती नाही म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा नाही म्हणाली, आणि या वेळी अण्णांनाही हेवा वाटावा असा तिचा आवाज होता. बहिऱ्या म्हाताऱ्याला दुसऱ्या साक्षीदारानं कानात ओरडून सगळं सांगितलं, त्यामुळे ते बाहेरच्या रांगेनंही ऐकलं. म्हाताऱ्यानं काठी उचलली आणि दिराकडे न बघता चालू लागला. साक्ष द्यायची नाही, एवढं सांगायला त्याला शब्द लागले नाहीत. दीर त्याच्यामागोमाग निघून गेला. साहेबांनी नोंद नाकारल्याचं लिहून कागद बाजूला टाकला आणि पुढच्याला बोलावलं. पुढचा माणूस खुर्चीजवळ येऊन म्हणाला, माझाही आधी वाचा. कातिबानं कपाळावर हात मारला.

आवारात येऊन ती कडुलिंबाखाली माझ्या तख्तावर टेकली. ते चारही चणे तिनं परत उचलून आणले होते. दोन मला दिले, दोन स्वतः खाल्ले. मी माफी मागितली. ती म्हणाली, घसा सुकला होता तुमचा त्या दिवशी, मला दिसलं होतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. आजूबाजूच्या तख्तांवरचे वकील बघत होते, बघू देत.

संध्याकाळी मी अण्णांना सगळं सांगितलं. माझ्या चुकीसकट, दीर, साहेब, गाळलेलं पान, सगळं. मला वाटलं ते शाबासकी देतील, निदान तिला तरी. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आणि तिचं ते पान? ते वाचलंस का?"

नव्हतं वाचलं. माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

रविवारी पूल अजून जोडायचा होता, म्हणून आम्ही नावेतूनच गेलो. पिंपळाखाली नेहमीपेक्षा जास्त माणसं होती, कारण कचेरीतली हकिगत रामनगरभर झाली होती. दीरही आला होता, लांब, आपल्या उंबऱ्यावर बसलेला. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं, पण त्याला कुणी हाकललंही नव्हतं. शेजार काही दस्त फाडून फाटत नाही. आधी पेन्शनचा खराखुरा अर्ज वाचला, दोन पानी. दोन दाणे खाली गेले, मग तिनं अंगठा लावला.

मग मी तिला म्हटलं की घराचा कागद आण. तिनं लाल फडक्याची गाठ सोडली. आत कागद होता आणि त्यावर तो एक दाणा, उन्हाळ्यापासून तसाच. मी प्रायश्चित्त घेतल्यासारखी पहिल्या पानापासून सुरुवात केली. मनाशी ठरवूनच आले होते की सहाच्या सहा पानं वाचायची, घसा फुटला तरी. पण पहिली ओळ होते न होते तोच तिनं मला थांबवलं.

"पाँच त सुन चुकल हई, दीदी. जवन बाकी हौ, उहै पढ़ा."

ज्येष्ठ मोठ्यानं हसले, वस्ती हसली, आणि मला त्या हसण्याचा पहिल्यांदाच राग आला नाही. मी पाचवं पान काढलं. उभी राहिले. आवाज दाबला नाही.

चौहद्दी. पूर्वेला सार्वजनिक वाट. दक्षिणेला पिंपळ आणि त्याचा पार. आम्ही बसलो होतो तोच पार, मी इतके महिने तिथे खुर्ची टाकत होते आणि त्या कागदात तो आहे हे मला माहीत नव्हतं. उत्तरेला नवऱ्याच्या धाकट्या भावाचं घर. तिथे सगळ्यांच्या माना उंबऱ्याकडे वळल्या, आणि दिरानं आपली मान खाली घातली, पण तो उठून गेला नाही. कथेतून मधेच उठायचं नसतं. पश्चिमेला गंगा.

तिनं डोळे मिटले होते. दोन्ही मुली तिला चिकटून बसल्या होत्या. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, की गंगासुद्धा लिहिली आहे? मी म्हटलं, लिहिली आहे. तिनं जागा दाखवायला सांगितली. मी तो शब्द बोटानं दाखवला. तिनं त्यावर आपलं बोट ठेवलं, अंगठा नव्हे, आणि थोरल्या मुलीलाही ठेवायला लावलं.

मग तिनं तो दाणा पिंपळाच्या पानावर ठेवला.